आधी उतरा, मग बघू

इंदूरच्या माणसाला डोंगरावर चला म्हटलं की तो खाली उतरायच्या तयारीला लागतो. यात त्याचा दोष नाही, भूगोलच तसा आहे. आम्ही मुळात राहतोच डोंगरावर. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. पण राजवाड्यापासून राऊपर्यंत सगळं इतकं सपाट, की आपण उंचावर आहोत याचा आम्हाला जन्मभर पत्ता लागत नाही. महू ओलांडलं की मग हे पठार अचानक संपतं. संपतं म्हणजे खरोखरच संपतं. पुढे जमीन नसते. विंध्याचा कडा निमाडाकडे तोंड करून उभा असतो आणि खाली नर्मदेचं खोरं पसरलेलं असतं.

सह्याद्रीत माणूस पायथ्याशी गाडी लावतो आणि मान वर करून गडाकडे बघतो. आमच्याकडे गाडी शिखरावरच लागते. पार्किंग, भुट्टेवाला, मॅगीचा ठेला, कठड्याशी उभं राहून फोटो काढणारं नवं जोडपं, सगळं शिखरावर. पायथा हुडकायला दरीत जावं लागतं.

याचा माणसाच्या स्वभावावर परिणाम होतो असं माझं मत आहे. गड चढणाऱ्याची परीक्षा पहिल्या अर्ध्या तासात होते. ज्याला झेपत नाही तो एखाद्या झाडाखाली बसतो, 'तुम्ही व्हा पुढे' म्हणतो आणि मंडळी परत येईपर्यंत डबा संपवून ठेवतो. अब्रू जाते ती तिथल्या तिथे. आमच्या दऱ्या मात्र उधारीवर चालतात. या, उतरा, आत्ता काही देऊ नका, म्हणतात. उतरताना आमचे पासष्टीचे काकासुद्धा शीळ घालत जातात. वसुली दुपारनंतर सुरू होते आणि तोवर पोटात काय काय गेलेलं असतं, ते पुढे सांगतोच.

अशा दऱ्यांची इंदूरच्या दक्षिणेला रांगच आहे. पाताळपाणी, तिंछा, कजलीगढ, मेहंदी कुंड, बामनिया कुंड, गिदिया खोह, जोगी भडक. शिवाय एक हत्यारी खोह. खोह म्हणजे दरी. हत्यारी म्हणजे काय ते सांगायला नको. हे नाव ऐकून दुसऱ्या गावचा माणूस बेत रद्द करील. इंदूरकर फक्त एवढंच विचारतो, "त्या रस्त्यावर कचोरी कुठली चांगली?"

या कड्यावर आल्यावर पाण्यालासुद्धा निर्णय घ्यावा लागतो. राजवाड्यावर पडलेला पाऊस कान्ह नदीतून क्षिप्रेत जातो, तिथून चंबळ, यमुना, गंगा असं काशी-प्रयाग करत बंगालच्या उपसागराला मिळतो. महूच्या पलीकडे पडलेला पाऊस चोरल नदीत शिरतो, पाताळपाणीला तीनेकशे फुटांवरून स्वतःला खाली झोकून देतो आणि नर्मदेचं बोट धरून भडोचमार्गे अरबी समुद्र गाठतो. उतरताना कुणी काही विचारत नाही. वर यायची वेळ आली की मात्र बघा. इंदूरला प्यायला नर्मदेचं पाणी लागतं, ते १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, आणि पंपांवर पंप लावून पाचशे मीटरहून जास्त चढवावं लागतं. साक्षात नर्मदामैया ही चढण पायी चढत नाही, तिथे आमचा काय पाड!

तरी दर वर्षी पाऊस सरला, रस्ते वाळले, की आमच्या लोकमान्य नगरातल्या मंडळींना चोरलच्या दरीची आठवण होते. दिवस ऑक्टोबरातले. शहरात ऊन चटके देत असतं, दरीत मात्र नदी अजून वाहती असते आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे दहा-साडेदहापर्यंत ऊन तळाशी पोचत नाही. यंदा बेत ठरला तेव्हा पुण्याहून बहीण आणि भाऊजी आलेले होते. भाऊजी पट्टीचे गिर्यारोहक. हरिश्चंद्रगड त्यांनी नळीच्या वाटेने केलाय, आणि ही गोष्ट त्यांना न विचारता कळते. त्यांच्याकडे दोन घडीच्या काठ्या होत्या, नळीने पाणी प्यायची पाठपिशवी होती आणि मनगटावर एक घड्याळ होतं, जे पावलं, ठोके, चढ, उतार सगळं मोजून मालकाला शाबासकी देतं. काकांकडे एक कापडी पिशवी होती. तिच्यात काय आहे विचारल्यावर काका म्हणाले, "जरूरी सामान." नंतर कळलं, किलोभर सेव, जीरावन मसाल्याचा डबा आणि सहा लिंबं.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. त्याप्रमाणे सव्वासातला आम्ही पोह्यांच्या ठेल्यासमोर उभे होतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण इंदूरकरही इथेच थांबतो. आमच्या पोह्यांची कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेली असते, त्यामुळे शेवटची प्लेटसुद्धा वाफेवरची असते. विकणारा त्यावर सेव, कांदा, कोथिंबीर घालतो, लिंबू पिळतो आणि चिमूटभर जीरावन भुरभुरतो. शेजारी दुसऱ्या कढईतून जिलबी निघत असते. भाऊजींनी हे सगळं बघितलं आणि पिशवीतून खजुराची वडी काढली.

"ट्रेकच्या आधी हलकं खायचं असतं," ते म्हणाले.

"हलकंच आहे भाऊजी, पोहे आहेत."

"आणि जिलबी?"

"ती पोह्यांबरोबरच असते न. तिला वेगळं धरत नाहीत."

काकांनी त्यांच्या हातात प्लेट दिली. म्हणाले, "खाऊन टाका जावईबापू. उतरायचं आहे. पोटात वजन नसलं तर बॅलन्स जाऊन राहतं." या शास्त्रीय कारणापुढे पुणं गप्प झालं. भाऊजींनी दुसरी प्लेट मागितली तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

पाताळपाणी इंदूरहून पस्तीसेक किलोमीटर. धबधबा वरून बघायला कठडा आहे, आणि कठड्यावर वानरं. या वानरांना पाकिटातल्या चिप्समधले सगळे प्रकार ओळखता येतात. कठड्याच्या अलीकडे सूचनांचे फलक आहेत, ते मात्र थट्टेचे नाहीत. २०११ च्या जुलैत इथे वरच्या अंगाला झालेल्या पावसाने नदीला अचानक लोंढा आला आणि पात्रात अडकलेल्या कुटुंबातली माणसं काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं तरी नदी दुसऱ्याच्या आभाळातून येते. तेव्हापासून आमच्या मंडळींचा एकच नियम शिल्लक राहिलाय: पावसाळ्यात वरून बघायचं, भुट्टा खायचा, घरी जायचं. उतरायचं ते पाऊस संपल्यावर, आणि गावातला कुणीतरी वाटाड्या घेऊन. आमचा वाटाड्या अठरा-एकोणीस वर्षांचा भिल्ल मुलगा होता. त्याने एकदा आमच्या सगळ्यांच्या पायांकडे बघितलं, एकदा पोटांकडे बघितलं आणि 'चला' म्हणाला. त्याचं एकंदर मत काय झालं ते त्याने शेवटपर्यंत चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

उतरण्याआधी स्टेशनाजवळ तंट्या मामांना हात जोडायची पद्धत आहे. तंट्या भिल्ल, इंग्रजांना वर्षानुवर्षं नाचवणारा आणि सावकाराचं लुटून गरिबाला देणारा निमाडचा वीर. ४ डिसेंबर १८८९ ला त्यांना जबलपूरला फाशी दिलं गेलं. अख्खा मुलूख त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या ठाण्यापाशी आल्यावर रेल्वेगाडी थांबणार, ड्रायव्हर मामांना सलामी देणार आणि मगच पुढे घाट उतरणार, असा इथला रिवाज. रेल्वेवाले म्हणतात, घाट सुरू होण्याआधी ब्रेक तपासायला गाडी थांबवावीच लागते. मला या दोन गोष्टींमध्ये भांडण दिसत नाही. दर चाळीस फुटांना एक फूट असा तीव्र उतार समोर असेल तर ब्रेकही तपासावेत आणि मामांनाही सांगावं. काकांनी दोन्ही केलं. उदबत्ती लावली आणि खाली वाकून सँडलचे पट्टे ओढून बघितले.

भाऊजींना हा रेल्वेमार्ग फार आवडला. कड्याला खेटून, बोगद्यातून, पुलांवरून जाणारी ही मीटरगेजची लाइन आमच्या होळकरांची. म्हणजे बांधली इंग्रजांनी, पैसे होळकरांचे. १८७० साली तुकोजीराव दुसऱ्यांनी इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. राजाने सरकारला कर्ज द्यायचं आणि वर व्याजाचा दर ठरवून घ्यायचा, हे मराठी माणसाला व्यवहार जमत नाही म्हणणाऱ्यांना ऐकवावं म्हणून मी नेहमी जवळ ठेवतो. १८७८ पर्यंत खंडव्याची गाडी नर्मदा ओलांडून, हा घाट चढून इंदुरात आली. तिथली नेहमीची मीटरगेज वाहतूक २०२३ मध्ये बंद झाली. ब्रॉडगेज दुसऱ्या, लांबच्या वळणाने यायची आहे. पाताळपाणी ते काळाकुंड हा साडेनऊ किलोमीटरचा तुकडा तेवढा हेरिटेज गाडीसाठी राखलाय. २०१८ च्या डिसेंबरात ती सुरू झाली. काचेच्या मोठ्या खिडक्या आहेत, आत बसून दरी बघायची. आमच्यातल्या निम्म्या मंडळींचं म्हणणं होतं की बघायचीच आहे तर अशी बघावी.

"छे! दरी पायांनी बघायची असते," भाऊजी म्हणाले आणि काठ्या उघडल्या.

उतार सुरू झाला. पहिला टप्पा सागाच्या पानांचा. वाळलेली पानं, प्रत्येक पान जेवायच्या ताटाएवढं, आणि त्याखाली दगड आहे, खड्डा आहे की नुसतीच हवा आहे हे पाय टाकल्याशिवाय कळत नाही. पुढे सीताफळीची झुडपं आली. सीझन होता. वाटाड्याने डोळे उघडलेली दोन फळं बरोबर हेरून दिली आणि आम्ही उरलेली सगळी दाबून बघितली. मग खडक सुरू झाला आणि बोलणं बंद झालं. काळ्या दगडावर शेवाळ वाळलं की त्याचा पापुद्रा होतो. त्यावर सँडल ठेवलं की पापुद्रा आपल्याबरोबर निघतो. काका अशा जागी बसून घ्यायचे आणि बसल्या-बसल्या पुढे सरकायचे. त्यांचं धोतर असतं तर इतिहास झाला असता. सुदैवाने जीन्स होती. प्रत्येक सरकण्याला ते "हो जाएगा, हो जाएगा" म्हणत. आमच्याकडे कष्टाचं काम हिंदीतून करतात.

तळाशी पोचलो आणि गारवा असा अंगावर आला की घामाने भिजलेले शर्ट एकदम आठवले. धबधब्याची धार आता बारीक झालेली, पण डोहापर्यंत तिचे तुषार येत होते. पाण्यात पाय सोडला तर घोट्यापाशी आधी नुसतं थंड लागतं, मग कळ येते, मग काहीच कळत नाही. काका पोटऱ्यांपर्यंत आत जाऊन उभे राहिले. दोन मिनिटांनी म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलतो." मावळतीच्या कड्यावर तेवढं ऊन होतं, खालून बघितलं तर त्यातून पोपटांचे थवे जाताना क्षणभर चमकत आणि सावलीत शिरले की दिसेनासे होत. दगडाच्या कपारीत करंगळीएवढा खेकडा बसला होता. त्याने नांग्या उगारून आमच्या सगळ्या ग्रुपला आव्हान दिलं आणि आम्ही ते स्वीकारलं नाही.

भाऊजींनी सांधण दरीचा विषय काढला. तो निघणारच होता. "आमच्याकडे सांधणला दोन्ही कडे इतके जवळ आहेत की दुपारीसुद्धा ऊन खाली पोचत नाही. तो बेसॉल्ट म्हणजे..."

"हाही बेसॉल्टच आहे," मी म्हटलं. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकाच लाव्हाच्या उद्रेकांमधून हे सगळं झालं. तुमचा दगड आणि आमचा दगड सख्खे भाऊ आहेत."

"मग फरक काय?"

"वाटण्या झाल्या न," काका पाण्यातून म्हणाले. "धाकट्याला पोहे मिळाले."

पुढे नदीच्या पात्रातून काळाकुंडाकडे चालत जायचं. हा भाग लिहायला काही नाही. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर, कधी या काठाने, कधी त्या, आणि मध्येच डोक्यावर उंच रेल्वेचा पूल. एकदा हेरिटेज गाडी वरून गेली. खिडक्यांमधून लोकांनी आम्हाला हात केले. आमच्यातल्या ज्यांनी सकाळी गाडीची बाजू घेतली होती त्यांनी हात केले नाहीत.

काळाकुंड हे चार घरांचं स्टेशन, पण त्याची कीर्ती पठारावर पोचलेली आहे ती कलाकंदामुळे. पळसाच्या पानावर तोलून देतात. दाणेदार, जेमतेम गोड, आणि पान उघडताच येणारा ओलसर हिरवा वास त्याला लागलेला. मीटरगेजच्या काळात गाडी इथे थांबली की लोक आधी द्रोण धरायचे आणि मग डोळ्यांनी डबा शोधायचे. भाऊजींनी एक पान घेतलं, मग एक पान बहिणीसाठी घेतलं, आणि बहिणीचं पान तिच्यापर्यंत पोचलं नाही.

स्टेशनापासून थोडं खाली, नदीकाठी आंब्याखाली धूर दिसत होता. भाऊजींना वाटलं गावातलं कुणी चूल पेटवलीय. ती आमची चूल होती. इंदूरकर दरीत उतरतो तो दाल-बाफल्यांसाठी. निसर्गसौंदर्य ही वाट आहे. जाडसर कणीक, ओवा, हळद, सढळ मोहन. त्याचे मुठीएवढे गोळे आधी उकळत्या पाण्यात सोडायचे. वर तरंगले की काढायचे आणि मग कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, निखाऱ्यात पुरायचे. तासभर उलथेपालथे करत बसायचं. वरून करपल्यासारखा दिसला आणि टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की बाफला झाला. राख फडक्याने झटकायची, तळहातावर दाबून त्याला तडा द्यायचा आणि तुपाच्या पातेल्यात सोडायचा. सोडायचा म्हणजे बुडवायचा. चमच्याने तूप वाढणं हा आमच्याकडे अपमान समजतात. वर तूरडाळ, लसणाची चटणी, लिंबू, काकांचं जीरावन, आणि शेवटी बाफल्याचाच चुरा करून केलेला लाडू. तोवर ऊन कड्यावरून उतरून झाडांपर्यंत आलेलं असतं आणि सगळ्यांना एकदम आठवतं, की आपण पायथ्याशी आहोत.

भाऊजी तिसऱ्या बाफल्यावर थांबले. त्यांचं लक्ष एकाएकी तुपाच्या डब्याकडे गेलं.

"हे सगळं इथे आलं कसं? हा डबा, कंडे, पातेली, सतरंजी?"

कुणी बोलेना. वाटाड्या पहिल्यांदाच हसला. शेवटी काकांनी आंब्याच्या मागे बोट दाखवलं. तिथे दोन गाड्या उभ्या होत्या. ड्रायव्हर सकाळीच पाताळपाणीहून मागे वळले होते. सिमरोलचा घाट उतरून, चोरल गाठून, नदीतल्या कच्च्या रस्त्याने आमच्या आधी दोन तास येऊन पोचले होते. चूल त्यांनीच पेटवली होती.

"म्हणजे आपण चढणार नाही?" भाऊजींचा आवाज चढला.

"उतरलो न," काका म्हणाले.

"पण हे अर्धवट आहे! ट्रेक म्हणजे जाऊन येऊन. हे चक्क फाऊल आहे. मी चढणार. कुणी येणार असेल तर या, नाहीतर मी एकटा जातो."

त्यांच्या बाणेदारपणाबद्दल सगळ्यांना आदर वाटला. बहिणीने पाण्याची पिशवी भरून दिली. एकाने काठ्या आणून ठेवल्या. काका म्हणाले, "जरूर चढा. आम्ही वर चहा सांगून ठेवतो." भाऊजी उठायला म्हणून पुढे वाकले आणि बाफल्यांनी त्यांना परत खाली बसवलं. दुसऱ्यांदा त्यांनी काठ्यांचा आधार घेतला. उभे राहिले, कड्याकडे बघितलं, जिथून सकाळी शीळ घालत आलो होतो ती वाट इथून दिसतही नव्हती. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "तसं अंधार पडायच्या आत पोचणं सेफ्टीच्या दृष्टीने..." असं काहीतरी ते म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले. होळकरांचं कर्ज सरकारने १०१ वर्षं फेडायचं होतं. आमचं त्या दिवशी सिमरोलच्या घाटात डिझेलवर फिटलं.

घाटाच्या मधल्या एका वळणावर भाऊजींचं मनगट थरथरलं. घड्याळ बंद करायचं राहून गेलं होतं. त्याने पडद्यावर फटाके फोडले आणि कळवलं, की मालकाने आज आयुष्यातली सर्वांत वेगवान चढाई केली आहे. ठोकेसुद्धा विश्रांतीच्या पातळीला आहेत, प्रकृती असाधारण दिसते. भाऊजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग खिडकीबाहेर बघत, जणू काही दुसराच कुणी करतोय अशा बेताने, त्यांनी ते पुण्याच्या ट्रेकिंग ग्रुपवर टाकलं. सिमरोल यायच्या आत अंगठ्यांची रांग लागली. कुणी विचारलं रूट कुठला, कुणी विचारलं डाएट काय ठेवलंय. एकाने लिहिलं, पुढच्या महिन्यात आम्ही सगळे येतो, तुम्ही लीड करा.

भाऊजींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि आमच्याकडे वळून बघितलं.

"किती जण आहेत?" मागच्या सीटवरून काकांनी डोळे न उघडता विचारलं. "कंडे आधी सांगून ठेवावे लागतात."